बुरुलचा गोड आवाज

वॉकीटॉकीवर बुरुल गोड बोलली आणि मायरामच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कोक-बेलच्या डोंगरावर बुरुलचा आवाज कुणाला माहीत नाही? खाली रोपवेच्या खटक्यांपाशी, काचेच्या खोलीत बसून ती दिवसभर सगळ्यांचा उद्धार करत असते. वाटाड्यांना ती मेंढरं म्हणते. पाहुण्यांना, ते ऐकत नसले की, बटाट्यांची पोती. "कुठे मेलीस ग?" हा तिचा नमस्कार. आणि आज तीच बुरुल म्हणत होती, "मायराम, जान, ऐकतेस ना? जरा खाली या ग दोघं. तू आणि कुबात. घाई नाही हं. चहा ठेवलाय."

चहा! रात्रभर बर्फ कोसळला होता, अजून कोसळत होता, आणि वर झाडांमध्ये मांडीइतका ताजा भुसभुशीत थर साचला होता. असा दिवस हिवाळ्यातून कधीतरी येतो. या बर्फावर स्की करायला अल्माटीचे चार पाहुणे आठवडाभर हॉटेलात पत्ते कुटत बसले होते. अशा दिवशी वाटाड्याला चहाला बोलावणं म्हणजे ऐन कापणीत शेतातल्या माणसाला झोपाळ्यावर बसायला बोलावणं.

"आणि पाहुण्यांचं काय?" मायरामने विचारलं.

"गेना येतोय वर. तो सांभाळेल त्यांना. तुम्ही दोघं बरोबर या. एकटंदुकटं नको. कुबातला पुढे ठेव, तू मागून ये. सावकाश."

"बुरुल, तिलेक कुठाय?"

पलीकडे नुसती खरखर. मग, "आहे की. कुठे जातोय? इकडेच कुठेतरी असेल. बॅटरी संपली असेल बघ त्याची." आणि खट्. बुरुलने बोलणं तोडलं.

मायरामला संशयाची खोड होतीच, हे आधी सांगून टाकलेलं बरं. दुकानातून आणलेलं अंडंही ती उजेडाकडे धरून बघायची. तिच्या या खोडीवर सगळा डोंगर हसायचा. पण खोड काही आभाळातून पडली नव्हती. सात-आठ हिवाळ्यांपूर्वी तिचा नवरा ओमुर वरच्या धारेवर बर्फाच्या लोंढ्यात सापडला, तेव्हा तिला सांगितलं होतं, "पाय मुरगळलाय, आणतायत खाली." तिने हाडांचा रस्सा चुलीवर चढवला. मग शेजारणी एकेक करून येत राहिल्या, पडद्यांचं कौतुक करत राहिल्या आणि मायराम मनात चरफडत त्यांना चहा ओतत राहिली. न बोलावता भरदुपारी कसल्या टपकल्यात! सगळ्या गावाला माहीत होतं. एकटी तीच रश्शाचं मीठ चाखत होती.

रीतच आहे तशी. वाईट बातमी माणसाच्या अंगावर फेकायची नाही. आधी त्याला काहीतरी सांगून घरी आणायचं, आपली माणसं भोवती गोळा करायची, दंड धरायला कुणीतरी उभं करायचं, मग गावातल्या वडीलधाऱ्याने तोंड उघडायचं. चांगली रीत आहे, असं सगळे म्हणतात. ज्याच्यावर बेतली आहे त्याला विचारा. मायरामने त्या दिवशी कानाला खडा लावला होता, की पुन्हा कुणी आपल्याला असं खेळवू शकणार नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आणि मायराम तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिलेक तिचा एकुलता एक. बाप ज्या टोळीत होता त्याच टोळीत तो यंदा शिरला होता. उजाडायच्या आधी वर धारेवर जायचं आणि साचलेला बर्फ सुरुंग लावून पाडायचा, म्हणजे दिवसा तो माणसांवर पडणार नाही. यावरून मायलेकांत आठवडाभर अबोला होता. आज पहाटे दारात उभं राहून तो म्हणाला, "जातो, अपा." मायरामने पाठ वळवून चुलीत लाकूड सारलं होतं. हूं नाही की चूं नाही. नंतर धारेकडून सुरुंगाचे दबके आवाज आले, ते ऐकले तिने. त्यानंतर तिकडून काही म्हणजे काही आलं नव्हतं.

"चहा!" कुबात हात चोळत म्हणाला. "एजे, आज सूर्य कुठून उगवलाय? बुरुलने चहाला बोलावलं, वर पाहुणेही काढून घेतले. म्हणजे खाली जाईपर्यंत सगळा डोंगर आपल्या दोघांचा! झाडांतून जाऊ. सरळ वाटेने जायचं पाप करू नका."

कुबात तिशीतला, रुंद खांद्यांचा, सदा हसरा गडी. दहा हिवाळे तो मायरामबरोबर वाटाड्या होता. घरात तो आणि त्याचा म्हातारा बाप इमानकुल, दोघंच. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "घरात एक सासू आहे की, दाढीवाली." मायरामला तो धाकट्या भावासारखा होता, आणि तिला म्हणायचाही एजे, म्हणजे थोरली बहीण. पण आज त्याचं हसू तिला खुपलं. याला इतकं हसायला काय झालंय? आणि बुरुलने नेमकं यालाच बरोबर का जोडून दिलं? दंड धरायला?

रोपवेच्या खुर्चीवरून गेना उतरला. गेना म्हणजे गावातला रशियन, तोंडाने फटकळ, दर खेपेला मायरामच्या जुन्या टोपीवरून काहीतरी बोलल्याशिवाय राहायचा नाही. आज टोपीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ कुबातपाशी गेला, हातमोजा काढला आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. धरूनच राहिला.

"काय रे, मुलगी मागायला आलास की काय?" कुबात म्हणाला.

गेना हसला नाही. "जा तुम्ही. पाहुणे मी बघतो." मग मायरामकडे वळून, पण तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत, "खाली सगळं ठीक आहे, एजे. याला पुढे ठेवा. जपून जा."

न विचारता 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्या माणसावर मायरामने जन्मात विश्वास ठेवला नव्हता. आणि ते दोन हातांचं धरणं? हातातून हातात काहीतरी सोपवल्यासारखं. म्हणजे कुबातला सांगितलंय. 'आता तुझ्यावर आहे, आण तिला खाली.'

"चला!" कुबात ओरडला आणि काठ्या रोवून त्याने स्वतःला झाडांत सोडून दिलं.

वादळात स्की करायची ती झाडांच्या आधाराने. मोकळ्यावर गेलं की आभाळ कुठे संपलं आणि उतार कुठे सुरू झाला तेच कळत नाही. माणूस उभा असूनही पडतो. झाडांत निदान काळे बुंधे दिसतात. पुढच्याने हाळी द्यायची, मागच्याने उत्तर द्यायचं, म्हणजे दोघं सुटत नाहीत. कुबात त्या हाळीचं गाणं करायचा. "ए-हे-हेय!" आवाज बर्फात मऊ होऊन यायचा. मायराम नुसतं "हो" म्हणायची.

आणि बर्फ काय होता! खोटं कशाला बोला, त्याही अवस्थेत पायांना तो कळला. स्कीखाली जमीन लागतच नव्हती. गुडघे वाकवले की कमरेपर्यंत आत, उठले की हलकेच वर, आणि वर येताना बर्फाचा फवारा छातीवर, तोंडावर. खाली जाताना श्वास रोखायचा, वर येताना घ्यायचा, नाहीतर नाकातोंडात बर्फ. कसलाही आवाज नाही. एरवी अशा उतारावर मायराम पोरीसारखी हसली असती. आज तिला स्वतःच्याच पायांचा राग आला. मुलगा कुठे आहे माहीत नाही आणि हे मेले नाचतायत!

एका जाड स्प्रूसपाशी ती थांबली. वॉकीटॉकीवर टोळीचा चॅनल लावला. कुणीतरी बोलत होतं, "...सांभाळून उचला रे, वाट अरुंद आहे. दोर घट्ट आहे ना? अजून चार माणसं लागतील..."

"मी मायराम," ती म्हणाली. "काय उचलताय? तिलेक आहे का तिथे?"

एकदम शांतता. एवढी माणसं एका क्षणात मुकी झाली. मग कुणीतरी खाकरलं. "एजे... तुम्ही खाली या. मग बोलू."

"आत्ता बोला!"

कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

उचलतायत. सांभाळून. दोर. चार माणसं. आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण इथे मनाला चिंतायला वैऱ्यांनीच माल पुरवला होता.

"एजे! अडकलात का?" खालून कुबातची हाळी आली.

ती सरळ त्याच्यावर जाऊन आदळली. त्याची कॉलर धरली. "सांग!"

"काय सांगू?"

"जे गेनाने तुझ्या हातात दिलं ते. मला काय दूधखुळी समजता? सगळ्या डोंगराला माहीत आहे, एकटी मीच आंधळी! माझ्या पोराला बर्फातून उपसतायत आणि तू इथे गाणी म्हणतोस?"

कुबात बघतच राहिला. दाढीवर बर्फ चिकटलेला, तोंड अर्धं उघडं. "तिलेकला? कोण म्हणालं?"

"कुणीच काही म्हणत नाहीये, तेच तर!"

"एजे, ऐका. मला काही माहीत नाही. बापाची शपथ. म्हातारा सकाळी दारात उभा राहून मला दुआ देत होता, त्याच्या त्या हातांची शपथ. तिलेक खाली बसून गरम तळलेले बोर्सोक हाणत असेल. आपण पोचेपर्यंत सगळे संपवेल, तेवढीच काय ती वाईट बातमी. लावता पैज? मी चांगली बातमी दिली म्हणून माझी सुयुंचू तयार ठेवा. मेंढरू घेईन, कोंबडीवर भागायचं नाही!"

कुबात बापाची खोटी शपथ घेणारा माणूस नव्हता. हे मायरामला माहीत होतं. पण संशयाला एकदा पाय फुटले की शपथही त्याला खोटेपणाचा पुरावा वाटते. एवढी मोठी शपथ घेतोय म्हणजे तेवढंच मोठं झाकतोय, असं तिच्या मनाने घेतलं. तिने त्याची कॉलर सोडली आणि काही न बोलता पुढे निघाली.

"मागून या, एजे! बुरुलने मला पुढे ठेवायला सांगितलंय!"

"खड्ड्यात गेली बुरुल."

झाडं विरळ झाली तिथे वाऱ्याने क्षणभर पडदा बाजूला केला. खाली रस्ता दिसला. रस्त्यावरून पट्ट्यांचं मशीन, उतार सारखा करायचं ते, गावाकडे चाललं होतं. मशीन रस्त्यावर काय करतंय? त्याच्या मागच्या फळीवर लाकडी जाळ्या रचल्या होत्या, वाकवलेल्या दांड्यांचा भारा होता आणि त्यावर लोकरी नमद्याच्या जाड गुंडाळ्या, दोराने आवळलेल्या.

नमद्याचा तंबू. आख्खा. लग्नकार्य उन्हाळ्यात. भर हिवाळ्यात, असल्या वादळात, अंगणात तंबू एकाच कारणासाठी उभा राहतो. आत मेलेल्या माणसाला ठेवायचं, बायकांनी आत बसून रडायचं, पुरुषांनी दाराबाहेर उभं राहून.

बर्फाचा पडदा पुन्हा पडला. मायरामने मान वळवली. कुबात तिच्या शेजारी येऊन थांबला होता. त्यानेही पाहिलं होतं. त्याच्या तोंडावरचं हसू पार पुसून गेलं होतं.

"एजे," तो हळूच म्हणाला, "तुमची पिशवी द्या माझ्याकडे."

झालं. इतका वेळ तिला कुठेतरी, अगदी तळाशी, आपण चुकतोय अशी आशा होती. कुबात गंभीर झाला आणि ती आशाही विझली. पिशवी माणूस कुणाची मागतो?

"गावात म्हातारी माणसं थोडी आहेत का?" तो म्हणत होता. "कुणीही असेल. आपण लगेच..."

"मशीन आपल्या डोंगराचं आहे. माणसं आपल्या डोंगराची. बोलावलं मला. अजून काय कुणी मेलेल्याने येऊन सांगायला हवं?"

डावीकडे झाडांमध्ये लाल दोर बांधला होता. त्यापलीकडे कारा-साय. ती घळ सरळ खाली, रोपवेच्या पायथ्याशी उतरते. वळणाची वाट सोडून तिथून गेलं की थेट त्यांच्या पुढ्यात. त्यांना तोंडं तयार करायला वेळच मिळणार नाही. आल्या आल्या ज्याचं तोंड दिसेल त्यावर वाचता येईल. मायराम दोराखाली वाकली.

"एजे! वेड लागलंय का? तिथला बर्फ अजून पाडलेला नाही!"

"पाडणारा माझा मुलगा होता," ती म्हणाली आणि आत शिरली.

घळीत वारा नव्हता. बर्फ छातीपर्यंत होता, आणि इतका सुंदर की एरवी त्यासाठी माणसांनी एकमेकांची डोकी फोडली असती. मायरामला तो दिसतही नव्हता. ती तोंडाने पुटपुटत होती. पहिल्यांदा नुसतं "खुदा, खुदा." मग, "तो नको. तो सोडून कुणीही चालेल. तंबू दुसऱ्या कुणाच्याही अंगणात लाव. कुणाच्याही. मी विचारणार नाही कुणाच्या." म्हणताना तिला लाज वाटली नाही. आईला अशा वेळी लाज कुठली?

आणि तिच्या पायाखाली डोंगर 'धप्प' बोलला.

तो आवाज कानाला नव्हे, पोटाला ऐकू येतो. सगळा थर बोटभर खाली बसतो. मायरामच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक रेघ निघाली आणि उजवीकडे पळत गेली, शिवण उसवावी तशी. तिला माहीत होतं काय करायचं. वीस वर्षं ती इतरांना तेच शिकवत आली होती. पण ती उभी राहिली. पाय हलेनात.

"डावीकडे! खडकाकडे! थांबू नका!"

घळीत एका वेळी एकानेच उतरायचं, दुसऱ्याने वर सुखरूप जागी थांबून बघायचं, हा डोंगराचा पहिला नियम. कुबातने तो मोडला. वरून तो दगडासारखा आला, तिच्या पाठीवरचा पट्टा धरला आणि तिला फरफटत डाव्या खडकावर घेऊन पडला. त्यांच्या उजवीकडची घळ जागची हलली. बर्फाच्या लाद्या फुटल्या, एकीवर एक चढल्या आणि सगळं एका जाड, बसक्या आवाजात खाली निघून गेलं. मग पांढरी धूळ. मग काहीच नाही.

दोघंही धापा टाकत पडून राहिले. कुबातच्या भुवईतून रक्त येत होतं. हसरा माणूस चिडला की कसा दिसतो ते मायरामने पहिल्यांदा पाहिलं.

"तिलेकला काही झालं असेल तर तुम्हाला सावरायला मी आहे," तो म्हणाला. "पण तुम्हीच गेलात तर मी खाली जाऊन कुणाला काय सांगू?"

"म्हणजे तुला माहीत आहे."

"नाही माहीत! पण तंबू मीही पाहिला ना. डोळे काय तुम्हालाच दिलेत?" तो उठला. तिच्या अंगावरचा बर्फ झाडला, पिशवी काढून स्वतःच्या छातीवर अडकवली. "चला. आता मी पुढे. माझ्या रेघेतच पाय ठेवायचा. रेघ सोडलीत तर वडीलधारी म्हणून बघणार नाही, उचलून नेईन."

नंतरचा उतार तो मुलाला चालवावं तसा तिला घेऊन उतरला. दर वळणावर थांबायचा, वर बघायचा, ती येईपर्यंत हात पुढे करून उभा राहायचा. हाळी देत नव्हता. रोपवेचे खांब लागले तेव्हा मायरामने वर पाहिलं. खुर्च्या जागच्या जागी लटकत होत्या. भरदिवसा, पाहुणे वर असताना, बुरुलने रोपवे बंद केला होता.

पायथ्याशी कँटीनच्या दाराबाहेर माणसं उभी होती. पंधरा-वीस असतील. बर्फ पडत होता आणि कुणी आत जात नव्हतं. तेल तापल्याचा वास येत होता. मायरामने स्की काढल्या, की कुबातने काढून दिल्या, तिला आठवत नाही. तिने एकेक तोंड पाहिलं. सगळ्यांनी नजर खाली घातली.

आणि कोपऱ्यावरून, हातात दोराचं वेटोळं घेऊन, जाकिटावर नमद्याचे तंतू चिकटलेला, तिलेक आला.

मायरामच्या तोंडून जो आवाज निघाला तो सगळ्या डोंगराने ऐकला. ती धावली, पडली, उठली, त्याच्यापर्यंत पोचली आणि पहिली त्याच्या कानाखाली ठेवून दिली. मग त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून चाचपत राहिली. "मेल्या! वॉकीटॉकी कशाला देतात तुला? गळ्यात बांधून मिरवायला? माझा जीव घेतलास रे, जीव घेतलास! जिवंत आहे! बघा ग, माझा जिवंत आहे!" ती हसत होती, रडत होती, सगळं एकदम. इतका आनंद तिला तो जन्मला तेव्हाही झाला नव्हता.

"अपा," तिलेक तिचे हात खाली ओढत होता. "अपा, हळू. हळू ना."

"सुयुंचू!" मागून कुबातने मांडीवर थाप मारली. भुवईचं रक्त पुसत तो मोठ्याने हसला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "चांगली बातमी कुणी दिली होती? मी! काढा माझं मेंढरू! सगळे साक्षी आहेत!"

कुणी हसलं नाही. बुरुल तिच्या काचेच्या खोलीतून बाहेर येऊन उभी होती. डोळे सुजून लाल. कँटीनचं दार उघडलं आणि गावातले वडीलधारे, मुकाश अक्सकाल, बाहेर आले, त्यांच्यामागे आणखी दोन म्हातारे. माणसांनी वाट करून दिली.

कुबातचं हसू विरलं. मायरामला वाटलं तेच त्यालाही वाटलं असणार. तिलेक नाही, तर मग पलीकडच्या गावातली तिची म्हातारी आई. तो चटकन तिच्यापाशी आला आणि तिच्या काखेत हात घालून त्याने तिचा दंड घट्ट धरला.

"एजे," तो तिच्या कानाशी म्हणाला, "मी आहे. सगळा भार माझ्यावर टाका. लाजू नका."

मायरामने अक्सकालांच्या हातांकडे पाहिलं. बातमी बाईला द्यायची असली तर काळा रुमाल आणतात. त्यांच्या हातात काळा लांब झगा होता, रुंद खांद्यांच्या पुरुषाचा, आणि त्यावर कमरेला बांधायचं कापड घडी करून ठेवलं होतं. बाप गेला की मुलाच्या कमरेला बांधतात ते. ती तिलेककडे वळली. तिलेक तिच्याकडे बघतच नव्हता. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. तिला कुणी काही सांगायला आलंच नव्हतं. तिला तर एक काम सांगितलं होतं. दोघं बरोबर या, एकटंदुकटं नको. आख्ख्या डोंगरात बुरुलने कुबातला आणायला जवळचं माणूस म्हणून तिला निवडलं होतं.

तिला आणताना कुबातने भुवई फोडून घेतली होती.

अक्सकाल समोर येऊन थांबले. कुबात अजून तिलाच सावरून धरून उभा होता, चेहरा तिच्याकडे, ती कोसळली तर झेलायच्या तयारीत.

"कुबात, बाळा," अक्सकाल म्हणाले. "मन घट्ट कर."

"हो, अक्सकाल," कुबात म्हणाला. "मी धरलंय त्यांना."

मायरामने त्याच्या पकडीतून आपला दंड सोडवला. कुबातने नवलाने तिच्याकडे पाहिलं. तिने दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घातले, पाय बर्फात रोवले आणि त्याचा सगळा भार अंगावर यायची वाट बघत उभी राहिली.